जुना गेमिंग पीसी लिनक्सवर न्यावा का? आधी कोणते गेम खेळता ते सांगा

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. त्या दिवशी कोणाचा पीसी बंद पडला नाही. पीसी सुरू होतो, गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं स्टीम उघडतं, गेम चालतात, सगळं आहे तसंच आहे. थांबले ते सुरक्षेतल्या त्रुटी बुजवणारे अपडेट. मायक्रोसॉफ्टच्या वाढीव योजनेत नाव नोंदवलं, तर हे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात. सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवून ठेवायला तयार असाल तर फुकट, नाहीतर ३० डॉलर किंवा १००० रिवॉर्ड पॉइंट. त्यापुढे ही सोयही नाही.

मग आपल्याकडच्या असंख्य घरांत जो पीसी आहे, त्याचं काय करायचं? २०१७ च्या आसपास लॅमिंग्टन रोडवरून नाहीतर पुण्याच्या तापकीर गल्लीतून एकेक भाग आणून जोडलेला. आय५-७४००, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० टीआय आणि १ टीबीची हार्ड डिस्क. तो अजून धडधाकट आहे. पण विंडोज ११ त्याला घरात घेत नाही, आणि यूट्यूबवर जो तो सांगतोय, ‘लिनक्स टाक, विषय संपला.’ लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी टाकता येणारी फुकट सिस्टिम.

विषय असा संपत नाही. लिनक्स चांगलं की विंडोज चांगलं, या वादाचा इथे फारसा उपयोगही नाही. तुम्ही खरोखर कोणते गेम खेळता आणि पीसीत कोणतं ग्राफिक्स कार्ड आहे, या दोन प्रश्नांवर ऐंशी-नव्वद टक्के निकाल लागतो. उरलेला निकाल घरातली बाकीची माणसं लावतात. त्यांच्याकडे शेवटी येऊ.

विंडोज ११ नाही का म्हणतं?

त्याच्या दोन मुख्य अटी आहेत. पहिली, प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा हवा, एएमडीचा असेल तर रायझन २००० मालिकेपासून पुढचा. आय५-७४०० सातव्या पिढीचा, म्हणजे एका पायरीने हुकला. रायझन ५ १६०० सुद्धा बाहेर, आणि तो आजही बऱ्याच नव्या स्वस्त लॅपटॉपना लाजवेल असा प्रोसेसर आहे. दुसरी अट टीपीएम २.० ची. टीपीएम म्हणजे पासवर्ड-किल्ल्या जपून ठेवणारी सुरक्षा चिप. ती मदरबोर्डवर वेगळी असते किंवा प्रोसेसरच्याच आत असते. बऱ्याच जुन्या बोर्डांवर ती असते, फक्त बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये, बंद ठेवलेली असते. तेव्हा काही ठरवण्याआधी बायोसमध्ये एकदा डोकावून या. प्रोसेसर यादीत असेल आणि अडचण फक्त बंद टीपीएमची असेल, तर ते चालू करा, विंडोज ११ टाका आणि हा लेख इथेच सोडून द्या.

लिनक्सवर विंडोजचा गेम चालतोच कसा?

लिनक्स हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने तो १९९१ मध्ये लिहायला घेतला. हा गाभा, त्यावरचा डेस्कटॉप आणि लागणारी सॉफ्टवेअर असं सगळं एकत्र बांधून जे तयार पॅकेज मिळतं, त्याला डिस्ट्रो म्हणतात. मिंट, फेडोरा, बझाइट ही डिस्ट्रोंची नावं. सगळी फुकट.

गेम लिहिलेला असतो विंडोजसाठी. तो चालताना सतत विंडोजकडे काही ना काही मागत असतो: ही फाइल उघड, हा आवाज वाजव, हे दृश्य पडद्यावर काढ. दृश्य काढण्याच्या मागण्या बहुतेक वेळा डायरेक्टएक्स या मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीने केलेल्या असतात. लिनक्सला त्या कळत नाहीत. मध्ये एक थर बसवला, जो प्रत्येक मागणी पकडून लिनक्सला कळेल अशी करून पुढे पाठवतो, तर गेमला आपण विंडोजवर नाही हे समजतच नाही. वाइन नावाचा हा थर १९९३ पासून बनतो आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये स्टीमच्या मालक कंपनीने, म्हणजे व्हॅल्व्हने, वाइन घेऊन त्यात डायरेक्टएक्सच्या मागण्या व्हल्कन या खुल्या पद्धतीत बदलणारा भाग जोडला आणि सगळं स्टीमच्या पोटातच बसवलं. त्याचं नाव प्रोटॉन.

व्हॅल्व्हला एवढी हौस का, हे समजून घेण्यासारखं आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांनी स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र आणलं, आणि ते लिनक्सवर चालतं. विंडोजचे गेम त्यावर चालले नाहीत तर यंत्र कोण घेणार? म्हणून प्रोटॉनवर खर्च झाला, आणि त्याचा फायदा आपल्या जुन्या पीसीला आपोआप मिळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टीमच्या पाहणीत लिनक्सवाल्यांचं प्रमाण पहिल्यांदा ३ टक्क्यांच्या वर गेलं. तीन टक्के म्हणजे काही लाट नव्हे. पण अडलेल्या गेमवर उत्तर शोधायला गेलं की कोणीतरी आधीच तिथे अडून, सुटून गेलेला असतो.

वापरताना यातलं काही दिसत नाही. स्टीममध्ये इन्स्टॉल दाबायचं, मग प्ले दाबायचं. एपिक किंवा जीओजीवर घेतलेल्या गेमसाठी हिरोइक नावाचा लाँचर आहे, तोही हेच काम करतो.

‘म्हणजे सगळेच गेम चालतात की!’

नाही. आणि जे चालत नाहीत, नेमके तेच आपल्याकडची अर्धी पोरं खेळतात.

एकट्याने खेळायचे गेम बहुतांशी चालतात. जीटीए ५ ची स्टोरी चालते, एल्डन रिंग ऑनलाइनसकट चालतो. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ तर मुळातच लिनक्ससाठीही बनवलेले आहेत, त्यांना प्रोटॉन लागत नाही. माइनक्राफ्टची जावा आवृत्तीही तशीच.

गाडी अडते ती अँटी-चीटपाशी. ऑनलाइन गेममध्ये कोणी भिंतीपलीकडचं पाहणारं किंवा आपोआप नेम धरणारं सॉफ्टवेअर लावलंय का, यावर नजर ठेवणारा प्रोग्राम म्हणजे अँटी-चीट. याचे दोन प्रकार आहेत आणि फरक बोर्डाच्या परीक्षेसारखा आहे. साधं अँटी-चीट म्हणजे वर्गातला पर्यवेक्षक. तो त्या वर्गापुरता बघतो. दुसरं म्हणजे भरारी पथक. ते थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरून कपाटं उघडून बघतं. व्हॅलोरंट या ऑनलाइन गेमचं व्हॅनगार्ड हे असं भरारी पथक आहे. ते विंडोजच्या गाभ्यात शिरतं आणि पीसी चालू झाल्यापासून पहारा देतं. लिनक्सवर त्याला ओळखीचं ऑफिस सापडत नाही, कपाटं सापडत नाहीत. आणि ज्या केंद्राची झडती घेता येत नाही त्या केंद्राचे पेपर ते तपासायला घेत नाही. प्रोटॉनचं काम गेमच्या मागण्या पोचवणं. गाभ्यात शिरू पाहणाऱ्या पथकासाठी खोटं ऑफिस उभं करणं त्याला जमत नाही, आणि जमलं तर ती फसवणूकच ठरेल.

त्यामुळे व्हॅलोरंट नाही. लीग ऑफ लेजंड्सलाही २०२४ मध्ये व्हॅनगार्ड लागलं, तोही गेला. फोर्टनाइट नाही, कॉल ऑफ ड्यूटीचे अलीकडचे भाग नाहीत, ईएचे अलीकडचे एफसी फुटबॉल नाहीत.

इथे एक गोष्ट मला चीड आणते. ईझी अँटी-चीट आणि बॅटलआय ही दोन मोठी अँटी-चीट २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतात. गेम बनवणाऱ्याने फक्त परवानगी द्यायची असते. काही जण देत नाहीत, काही देऊन काढून घेतात. एपेक्स लेजंड्स सुमारे अडीच वर्षं लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. ३१ ऑक्टोबर २०२४ ला कंपनीने चीटर्सचं कारण सांगून दार बंद केलं. जीटीए ऑनलाइनला सप्टेंबर २०२४ मध्ये बॅटलआय लावलं आणि लिनक्सची परवानगी दिली नाही. म्हणजे आज चालणारा ऑनलाइन गेम उद्या चालेलच याची हमी तुमच्या हातात नाही, आणि लिनक्स बनवणाऱ्यांच्याही नाही.

‘मग व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत चालणाऱ्या नकली पीसीत, विंडोज चालवतो,’ असं कोणी सुचवेल. व्हॅनगार्ड तिथेही चालत नाही, आणि अशा खटपटीत खातं बॅन करून घेण्यात काही शहाणपण नाही.

फ्री फायर किंवा बीजीएमआय हे फोनवरचे गेम पीसीवर एम्युलेटर टाकून खेळणाऱ्यांसाठी तर एकच वाक्य: ब्लूस्टॅक्स हा एम्युलेटर लिनक्ससाठी मिळतच नाही.

तेव्हा एक कागद घ्या आणि गेल्या वर्षभरात खरोखर खेळलेले गेम लिहा. लायब्ररीतले सगळे नकोत. सेलमध्ये घेऊन कधीच न उघडलेले तर अजिबात नकोत. मग प्रोटॉनडीबी या साइटवर एकेक नाव टाका. तिथे खेळणाऱ्यांनीच प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे शेरे दिलेले असतात. नुसता शेरा पाहू नका. खाली तुमच्यासारखंच कार्ड असलेल्याने काय लिहिलंय आणि कधी लिहिलंय, ते वाचा. कागदावरच्या पहिल्या तीन नावांत व्हॅलोरंट असेल तर लिनक्सचा विचार तूर्त बाजूला ठेवा. नंतर ‘व्हॅलोरंट सोडेन म्हणतो’ असं ठरवून कोणी सोडलेला मी पाहिलेला नाही.

कार्ड कोणतं आहे?

आरएक्स ४७०, ४८०, ५७०, ५८० यांपैकी एएमडीचं कार्ड असेल तर तुमचं नशीब चांगलं. क्रिप्टो मायनिंग ओसरल्यावर सेकंडहँड बाजारात आलेली हीच ती कार्डं. त्यांचा ड्रायव्हर, म्हणजे सिस्टिमला कार्ड वापरता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, लिनक्समध्येच असतो. वेगळं काही टाकायचं नाही, डेस्कटॉप आला की कार्ड तयार.

एनव्हिडियाच्या बाबतीत जरा जपून. कंपनीचा स्वतःचा ड्रायव्हर टाकावा लागतो. मिंटसारख्या डिस्ट्रोत त्यासाठी ड्रायव्हर मॅनेजर आहे, तिथे दोन क्लिकमध्ये काम होतं. बायोसमध्ये सिक्युअर बूट (ओळखीचंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल, तर ड्रायव्हर टाकल्यावर पुढच्या बूटला एक निळा पडदा येऊन पासवर्ड विचारू शकतो. तो तुम्हीच इन्स्टॉल करताना ठरवलेला असतो, घाबरून बंद करू नका.

खरा मुद्दा वयाचा. जीटीएक्स ७५० टीआय, ९०० मालिका आणि १०५० टीआय, १०६० वगैरे १००० मालिका यांच्यासाठी लिनक्सवर ५८० क्रमांकाची ड्रायव्हर शाखा ही शेवटची. पुढच्या शाखांत ही कार्डं नाहीत. म्हणून ही शाखा नीट सांभाळणारी डिस्ट्रो घ्या, रोज नवं नवं ओढणारी आर्चसारखी डिस्ट्रो नको. यात विंडोजवाल्यांनी हसण्यासारखं काही नाही. या मालिकांचे गेमसाठीचे नवे ड्रायव्हर तिकडेही ऑक्टोबर २०२५ मध्येच थांबले. शिवाय डायरेक्टएक्स १२ चे गेम या जुन्या एनव्हिडिया कार्डांवर लिनक्समध्ये विंडोजपेक्षा कमी फ्रेम (दर सेकंदाला दिसणारी चित्रं) देतात. डायरेक्टएक्स ११ आणि त्याआधीच्या गेममध्ये फरक सहसा खटकत नाही.

त्याहून जुनी कार्डं, म्हणजे जीटी ७१० किंवा जीटीएक्स ६०० मालिका आणि ७०० मधली बहुतेक, यांच्यावर गेमसाठी लिनक्सचा नाद करू नका. आजच्या प्रोटॉनला व्हल्कनची १.३ आवृत्ती लागते आणि या कार्डांचा ड्रायव्हर १.२ ला थांबलाय. ब्राउझर आणि अभ्यासासाठी तोच पीसी लिनक्सवर झकास चालेल, ती गोष्ट वेगळी.

‘लिनक्स टाकलं की पीसी पळायला लागतो म्हणे’

पीसी सुरू होणं, फाइली उघडणं, मागे फुकटचं काही चालू नसणं, या बाबतीत फरक जाणवतो. ८ जीबी रॅमवर तर नक्की. पण गेमच्या फ्रेम ग्राफिक्स कार्ड देतं, आणि त्याचं वय कोणतीच सिस्टिम कमी करत नाही. १०५० टीआयला ४ जीबी मेमरी आहे, ती लिनक्सवरही ४ जीबीच राहते.

खरोखर पळायला हवा असेल तर आधी एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, घाला. अजून फिरत्या हार्ड डिस्कवर सिस्टिम असेल, तर एसएसडीने जो फरक पडतो तो ना विंडोज ११ ने पडेल ना लिनक्सने. दुसरा खर्च ८ च्या १६ जीबी करण्याचा. हे दोन्ही भाग, सिस्टिम कुठलीही ठेवलीत तरी, कामी येतात.

‘जुगाड करून विंडोज ११ टाकता येतं की’

येतं. रुफस नावाच्या टूलने असा पेनड्राइव्ह बनवता येतो, जो प्रोसेसर आणि टीपीएमची विचारपूस टाळतो. आय५-७४०० वर विंडोज ११ चालतंही बरं. पण अशा पीसीला अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दरवर्षीचा मोठा अपडेट पुन्हा हाताने टाकावा लागतो. वर गंमत अशी, की विंडोज ११ वर व्हॅलोरंट टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही मागतो. म्हणजे टीपीएमला बगल देऊन विंडोज ११ टाकलंत, तर ज्या गेमसाठी टाकलंत तोच उघडत नाही. बायोसमध्ये ही दोन्ही चालू करता येत असतील तर मात्र व्हॅलोरंटवाल्यांसाठी मला हा जुगाड लिनक्सपेक्षा बरा वाटतो. लिनक्सच्या बाजूने लिहिताना हे सांगायला जड जातं, पण आहे ते असं आहे.

‘काळ्या पडद्यावर कमांड टाइप कराव्या लागतील?’

रोजच्या वापराला नाही. कधीतरी एखादी गोष्ट अडेल आणि इंटरनेटवरचं उत्तर टर्मिनलमध्ये, म्हणजे त्याच काळ्या पडद्यावर, एक ओळ टाकायला सांगेल. ती ओळ काय करते हे न वाचता चिकटवू नका, एवढं पथ्य पाळलं तरी पुरे.

डिस्ट्रो निवडण्यात लोक आठवडे घालवतात. पहिल्यांदाच येत असाल तर मिंट घ्या. चेहरामोहरा विंडोजसारखा आहे, आणि २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट आहेत. पीसी फक्त गेमसाठीच असेल तर बझाइट पाहा. त्यात स्टीम आधीच असतं, आणि अपडेटने काही बिघडलं तर बूट होताना मागची आवृत्ती निवडून परत जाता येतं. बझाइटच्या साइटवर डाउनलोडआधी कार्ड विचारतात, तिथे खरं सांगा, कारण एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांची फाइल वेगळी आहे.

एक्सबॉक्सचा किंवा प्लेस्टेशनचा कंट्रोलर जोडला की चालतो. कीबोर्डच्या रंगीत दिव्यांची कंपनीची ॲप मात्र बहुधा चालणार नाहीत.

क्रॅक केलेल्या गेमबद्दल कोणी उघड विचारत नाही, म्हणून न विचारता सांगतो. काही चालतात, काही नाहीत, आणि अडले तर मदत मिळत नाही. प्रोटॉनचं सगळं सुख हे विकत घेतलेल्या गेमचं सुख आहे.

घरातली बाकीची माणसं

पीसी एकट्याचा नसतो. बाबांचा टॅलीवर हिशेब असेल, ताईचं फोटोशॉप किंवा कोरलड्रॉमधलं काम असेल, तर यातलं काहीच लिनक्ससाठी मिळत नाही आणि पर्याय शिकून घ्या म्हणण्याचा अधिकार तुम्हाला नाही. ब्राउझर, यूट्यूब, व्हॉट्सॲप वेब, अर्ज भरणं, पीडीएफ यांना काही अडचण नाही. मराठी टायपिंगसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधून जोडता येतो. प्रिंटर मात्र आधी तपासा. पेनड्राइव्हवरून लिनक्स इन्स्टॉल न करता नुसतं चालवून बघता येतं, तेव्हाच एक पान छापून पाहा. वायफाय आणि आवाजही तिथेच तपासून होतो. गेमचा वेग मात्र पेनड्राइव्हवरून जोखू नका.

करायचंच ठरलं तर

विंडोज पुसू नका. नवी एसएसडी आणा, पीसी बंद करून जुन्या डिस्कची केबल काढा, आणि एसएसडीवर लिनक्स टाका. झालं की जुनी डिस्क परत जोडा. आता सुरू करताना बूट मेनूतून कुठली डिस्क ते निवडायचं. एकाच डिस्कचे दोन भाग करून दोन्ही सिस्टिम ठेवता येतात, पण तिथे विंडोजच्या अपडेटने लिनक्सचं बूट होणं बिघडण्याचा धोका जास्त असतो. वेगवेगळ्या डिस्क ठेवल्या तर एकीचा बिघाड दुसरीपर्यंत पोचण्याची भीती बरीच कमी होते.

गेम पुन्हा डाउनलोड करण्यात डेटा घालवू नका. जुन्या डिस्कवरचे स्टीमचे फोल्डर लिनक्सच्या डिस्कवर कॉपी करा. स्टीममध्ये इन्स्टॉल दाबलं की ते असलेल्या फाइली तपासून घेतं आणि उरलेलंच ओढतं. विंडोजच्या डिस्कवरून थेट गेम चालवण्याचा मोह होतो. तो टाळा, विंडोजच्या डिस्कची मांडणी प्रोटॉनला मानवत नाही. एखादा गेम उघडलाच नाही तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये कम्पॅटिबिलिटीखाली प्रोटॉनची दुसरी आवृत्ती निवडून पाहा. बरेचदा तेवढ्यानेच भागतं.

आणि विंडोज १० ची ती जुनी डिस्क एखाददुसऱ्या गेमसाठी ठेवणार असाल तर जरूर ठेवा. पण अपडेट थांबल्यावर तिच्यावर बँकेचं खातं उघडू नका, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड काढून टाका, आणि गेम संपला की लिनक्सकडे परत या.